घड्याळजीच्या हातचं रीळ

"शिलाई मशिनचं आहे ताई," विकणारा म्हणाला. शेजारच्या पथारीवाल्याने मान न वळवताच दुरुस्ती केली, "न्हाय रे, टाकीजचं हाय. फिल्म गुंडाळायचं." मी गप्प राहिले. जुन्या बाजारात वस्तूचं खरं नाव आपल्या तोंडून गेलं की तिचा भाव वाढतो, हे बाबांनी मला फ्रॉकच्या वयात शिकवलंय.

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नळाच्या तोट्या, एकाच पायाचा स्केट, सूर हरवलेली पेटी, कुणाच्या तरी लग्नातला स्टीलचा डबा आणि त्यावर कोरलेलं नाव. मी तिथे बाबांसाठी जाते, म्हणजे बाबांचं नाव पुढे करून स्वतःसाठी जाते. बाबा टर्नर. भोसरीला पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिले, मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. "जुनं मायक्रोमीटर दिसलं तर बघ" ही त्यांची कायमची ऑर्डर. त्या रविवारी मायक्रोमीटर नव्हतं. मुठीएवढं, धुळीने माखलेलं काहीतरी होतं आणि धुळीखालून लाल रंग डोकावत होता. कुंकवाचा लाल नाही, विटेचाही नाही. जुन्या मोटारीच्या शोरूममधला गडद लाल.

अंगठ्याने पुसलं. दोन लाल तबकड्या, त्यांना जोडणारे चकचकीत खांब, मधे रीळ, त्यावर कुजून हिरवट झालेलं तंगूस. बाजूला दोन बोंडांची मूठ. खालच्या पायावर बारीक अक्षरं: मेड इन स्वीडन. मूठ फिरवली तर फिरेना. जोर न लावता थोडी मागेपुढे केली, तेव्हा आत काहीतरी मऊपणे हललं आणि जागेवर आलं. खडखडलं नाही. यंत्रं शिकवण्यात जन्म गेलाय माझा (पॉलिटेक्निकला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते), तेवढ्यावरून कळलं की आतलं सगळं शाबूत आहे, फक्त तेल वाळून गोंद झालाय. नऊशे म्हणाला, साडेपाचशेला दिलं. टाकीजवाला शेजारी म्हणाला, "महाग पडलं ताई."

घरी आईने टेबलावर पेपर अंथरेपर्यंत धीर धरला, मग विचारलं, "हे काय आता?"

"मासे धरायचं रीळ."

आमच्या घरात मासा आला तो फक्त बालवाडीच्या तक्त्यावर. त्यामुळे आईचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "खायचे नाहीत, धरायचे नाहीत. मग?"

बाबा तोपर्यंत चष्मा शोधायला लागले होते.

ते होतं आबू कंपनीचं अँबॅसडर ५०००. हे मॉडेल १९५२ मध्ये आलं आणि त्याच लाल रंगात जगभर गेलं. माझ्या हातातलं नेमकं कुठल्या वर्षाचं हे पायावरच्या आकड्यांवरून ओळखणारे लोक आहेत, मी त्यातली नाही. मला आत जायची घाई होती. आणि पहिला सुखद धक्का तिथेच बसला: हे उघडायला हत्यार लागत नाही. कडेच्या स्क्रूंच्या डोक्यांना खरबरीत कंगोरे पाडलेत, बोटांनी फिरवायचे. म्हणजे नदीकाठी, ओल्या हातांनी, माणूस हे उघडणार, आतली रेती पुसणार, तेलाचा थेंब सोडणार, हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलं होतं. नव्यापणी हे चामडी डबीत यायचं आणि डबीत तेल, छोटा पाना असं सगळं असायचं. आज मिक्सर उघडायला गेलं तर तळाशी तीन कोनांचे स्क्रू असतात. आपण उघडू नये अशीच त्याच्या मालकांची इच्छा असते, मालक म्हणजे आपण नव्हे.

रॉकेलमध्ये रात्रभर भिजवलं. सकाळी एकेक भाग टूथब्रशने घासून पांढऱ्या कागदावर मांडला. आणि मग हातात आला तो वर्म, आटे कापलेला एक दांडा.

याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण या एका दांड्यापायी मी हा लेख लिहायला बसले. रिळावर दोरी गुंडाळताना ती एकाच जागी साठत गेली तर मधे भोवऱ्याचं पोट तयार होतं आणि पुढच्या फेकीला गुंता. जुने लोक अंगठ्याने दोरी डावी-उजवी सारत गुंडाळायचे. हे काम यंत्राने करावं म्हणून अमेरिकेतल्या कालामाझू गावच्या विल्यम शेक्सपिअर नावाच्या माणसाने (नाटकवाला नव्हे) १८९०च्या दशकात पेटंट घेतलं. माझ्या लाल रिळातही तीच युक्ती आहे. रिळासमोर एक आडवा दांडा, त्यावर दोन आटे कापलेले, एक उजवा, एक डावा. दोन्ही एकमेकांना छेदत जातात आणि टोकांना एकमेकांत वळून मिळतात. म्हणजे खाच एकच, न संपणारी. त्या खाचेत चंद्रकोरीसारख्या टोकाची एक चिमुकली खिट्टी बसते. दांडा एकाच दिशेने फिरत राहतो, खिट्टी मात्र डावीकडून उजवीकडे जाते, टोकाला पोचली की स्वतःभोवती वळते आणि दुसऱ्या आट्यावरून परत येते. तिच्याबरोबर दोरीचा मार्गदर्शक येरझाऱ्या घालतो.

अठ्ठावीस वर्षं मी मुलांकडून वर्म गिअर काढून घेतलेत. असला वर्म फळ्यावर एकदाही काढला नव्हता. आणि काढायला बसले तेव्हा लगेच प्रश्न पडला: दोन खाचा जिथे एकमेकींना कापतात, तिथे खिट्टी भरकटत कशी नाही? उजव्या आट्यावरून चाललेली डाव्यात का नाही शिरत? भिंगाखाली बघितलं तेव्हा कळलं. खिट्टीचं टोक गोल नाही, लांबट आहे, आणि त्याची लांबी चौकाच्या रुंदीपेक्षा जास्त. तिचं पुढचं टोक पलीकडच्या खाचेत शिरतं तेव्हा मागचं टोक अजून अलीकडच्या खाचेत असतं. चौकात ती कधी पूर्ण मोकळी नसतेच, मग वळणार कशी? एका दांड्यावर असे कितीतरी चौक, आणि पुण्याच्या नळस्टॉप चौकात न दिसणारी शिस्त.

बाबांनी दांडा नखाने तपासला. खाचेच्या तळाशी नख फिरवलं, टोकाच्या वळणावर दोनदा फिरवलं. "पायरी नाहीये," एवढंच म्हणाले. दोन आटे जिथे एकमेकांत मिळतात तिथे कापणाऱ्या हत्याराने किंचित पायरी सोडली असती तरी खिट्टी दर फेऱ्याला तिथे अडखळली असती. इतक्या वर्षांनी, इतक्या धुळीनंतरही पायरी नाही. बाबांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही, माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा नाही.

इथवर सगळं छान चाललं होतं, म्हणून मी आगाऊपणा केला. मूठ सोडून रीळ मोकळं करणारा जो खटका असतो, त्याच्याखाली दोन तांदळाएवढ्या स्प्रिंगा. पाटी उचलताच त्यातली एक उडाली. फ्रिजखाली, कपाटाखाली, आईच्या देवघराखाली टॉर्च मारून झालं. मिळाली नाही. बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली आणि स्वतःवर खूश झाले. खटका दाबला तर एका बाजूने खाली गेला, दुसऱ्या बाजूने वर राहिला, तिरका अडकून बसला.

आता पुण्यात मासे धरायच्या जुन्या रिळाची स्प्रिंग कोण देणार? शनिपाराजवळ एका जिन्याखाली एक घड्याळजी बसतात, ज्यांच्याकडे बाबांचं चावीचं घड्याळ दर दोन वर्षांनी जातं. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि काचेचे पालथे वाटगे. प्रत्येक वाटग्याखाली कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं. मी रीळ पुढे ठेवलं. नमस्कार-चमत्कार काही नाही. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, कड सोडली, आत पाहिलं आणि विचारलं, "कुणी बनवलंय?"

"काका, ते मासे धरायचं..."

"ते असू दे. बनवलंय घड्याळवाल्याने." चिमट्याच्या टोकाने त्यांनी एका दांड्याचं टोक दाखवलं. दांडा जिथे बुशात, म्हणजे तो फिरतो त्या कडीत, शिरतो तिथे एकदम बारीक केलेला होता, काटकोनात खांदा ठेवून. "असा खांदा काढून टोक बारीक कोण करतं? पंख्यावाला करेल? तो आख्खा दांडा घुसवील. टेकायची जागा जितकी लहान तितकं घासणं कमी. आणि हे पाहा, भोकाच्या तोंडाला वाटी पाडलीय. तेल थांबायला. ही वाटी घड्याळवाल्याशिवाय कुणी पाडत नाही."

माझी पेनाची स्प्रिंग त्यांनी चिमट्यात धरून दिव्यासमोर नेली आणि काही न बोलता कचऱ्याच्या डबीत टाकली. मग दुसरी, मूळची, तीही काढली. मी ओरडलेच, "अहो ती ओरिजिनल आहे!" ते म्हणाले, "एक नवी एक जुनी चालत नाही. दोघींचा जोर सारखा लागतो. जोडी बदलायची." शिगरेटच्या जुन्या पत्र्याच्या डबीतून त्यांनी एकसारख्या दोन शोधल्या, मोजून एकेक वेढा कापला, बसवल्या. खटका दाबला. सरळ खाली गेला. साठ रुपये झाले आणि मूळची स्प्रिंग कागदाच्या पुडीत बांधून परत मिळाली.

घरी येऊन वाचायला बसले, आणि काकांपुढे मनोमन हात जोडले. आबू हे नाव म्हणजे 'आ-बे ऊरफाब्रिकेन' याचं संक्षिप्त रूप. स्वीडिशमध्ये 'ऊर' म्हणजे घड्याळ. घड्याळाचा कारखाना! १९२१ मध्ये कार्ल बोर्गस्ट्रोम यांनी दक्षिण स्वीडनमधल्या स्वेंगस्टा गावी तो सुरू केला. खिशातली घड्याळं आणि टॅक्सीची मीटरं असला माल तिथे निघायचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, टॅक्सी थांबल्या, मीटर कोण घेणार? तेव्हा या लोकांनी त्याच हातांनी, त्याच यंत्रांवर रीळ काढायला सुरुवात केली. विचार केला तर टॅक्सीचं मीटर आणि रीळ हे चुलतभाऊच: एकाने फिरलेल्या चाकाचा हिशेब ठेवायचा, दुसऱ्याने फिरलेल्या दोरीचा. (आपल्याकडच्या रिक्षांच्या मीटरबद्दल इथे बोलत नाही.)

एकदा ही नजर आली की सगळीकडे घड्याळजीच दिसायला लागले. अमेरिकेत केंटकी प्रांतातल्या पॅरिस नावाच्या गावी जॉर्ज स्नायडर हा घड्याळं आणि चांदीकाम करणारा माणूस, त्याने १८१० ते १८२० च्या दरम्यान स्वतःसाठी नि मित्रांसाठी दात्यांची रिळं केली, ज्यात मूठ एकदा फिरवली की रीळ अनेकदा फिरतं. त्याच प्रांतात पुढे मीक बंधू, तेही घड्याळवाले. फ्रान्सचं काळं, अर्ध्या अंड्याच्या आकाराचं मिचेल ३०० आलं ते आल्प्सच्या पायथ्याच्या क्लूझ गावातून, जिथे पिढ्यान्पिढ्या घड्याळांचे दाते कापले जात. आणि कळस म्हणजे झेबको. अमेरिकेतल्या तल्सा शहरात झीरो अवर बॉम्ब कंपनी तेलविहिरींसाठी वेळ लावलेले स्फोटक बॉम्ब करायची. तिथे १९४७ मध्ये आर. डी. हल नावाचा एक गृहस्थ रिळाची कल्पना घेऊन आला. हल घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला ती सुचली किराणा दुकानात, पुडा बांधणाऱ्याने दोऱ्याच्या गुंडीतून सुतळी ओढताना पाहून, असं सांगतात. बॉम्बवाल्यांनी रीळ काढलं आणि झीरो अवर बॉम्बची आद्याक्षरं जुळवून नंतर झेबको असं नाव घेतलं. मासेमारांना हे नाव पुरेसं निरुपद्रवी वाटलं असावं.

मीक बंधूंच्या परंपरेतल्या रिळांच्या स्क्रूंवर नंबर कोरलेले असत, ज्या नंबराचा स्क्रू त्याच नंबराच्या भोकात. संग्राहक यावर जीव टाकतात. मी बाबांना कौतुकाने सांगायला गेले तर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"म्हणजे एकाचा स्क्रू दुसऱ्याला बसायचा नाही."

"अहो पण हाताने जुळवलेला प्रत्येक..."

"तेच म्हणतोय. हात चांगला होता, पद्धत नव्हती. स्क्रू हरवला तर गिऱ्हाईकाने काय केंटकीला जायचं?" लाल रीळ त्यांच्या पुढ्यात होतं. "याचा कुठलाही स्क्रू याच्या कुठल्याही भावाला बसेल. एक बसवणं सोपं असतं गं. दहा हजार सारखे काढणं अवघड."

हा मुद्दा मला अजून पूर्ण पचलेला नाही. कारागिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो एकटा वाकलेला माणूस, एक वस्तू, त्याचा घाम. कारखान्यात हजारोंनी निघालेल्या वस्तूला आपण कारागिरी म्हणतच नाही. पण बाबा आयुष्यभर जे करत आले ते हेच: शंभरावा तुकडा पहिल्यासारखा काढणं. त्यांना कुणी कारागीर म्हटलेलं मी ऐकलं नाही. सुपरवायझर म्हणायचा "चार नंबर".

त्याच दिवाळीआधी माझ्याकडून एक पाप घडलं, तेही सांगून टाकते. लाल रिळाने चटक लागली होती. कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं, त्यात पितळेचं एक गोल रीळ मिळालं, शिंगाच्या मुठीचं, आधीच्या शतकातलं असावं असं वाटणारं. ओढलं की रातकिड्यासारखं किरकिरायचं. काळपट पडलेलं होतं. पाठीवर कोरलेली अक्षरं बोटाला लागत, डोळ्याला नीट दिसत नसत. मी ते एका बफिंगवाल्याकडे दिलं आणि तोंडाने म्हणाले, "चकचकीत करून द्या." त्याने बिचाऱ्याने सांगितलं ते केलं. परत आलं तेव्हा लग्नातल्या समईसारखं झळकत होतं आणि पाठ गुळगुळीत होती. अक्षरं गेली. कोणी बनवलं, कुठल्या गावी, काही नाही.

नंतर वाचलं की तो काळपट रंग कळकट नव्हताच. इंग्रज बनवणारे पितळेवर मुद्दाम तशी झाक चढवत, कारण उन्हात धातू चमकला की मासा बुजतो. नॉर्थम्बरलंडमधल्या अ‍ॅल्निक गावचे हार्डी बंधू, ज्यांचं 'परफेक्ट' नावाचं रीळ १८९० च्या दशकापासून बॉल बेअरिंगवर फिरतंय, तेही आपली रिळं अशीच मंद ठेवत. म्हणजे मी पैसे देऊन वस्तूचा मुद्दाच पुसून आणला होता.

बाबा मला काही बोलले नाहीत. रिक्षा केली आणि कसब्यात तांबट आळीत घेऊन गेले, त्यांच्या जुन्या ओळखीच्या घरी. तिथे पातेल्यावर मठारकाम चाललं होतं. ठोके एकाशेजारी एक, वर्तुळात, कुठेही रांग न मोडता. तांबटाने माझं झळकतं रीळ हातात घेऊन उलटसुलट केलं. "बफ केलंत होय?" म्हणाला, आणि पुन्हा आपल्या पातेल्याकडे वळला. त्याच्या पातेल्यावरचा प्रत्येक ठोका ही त्याची सही होती आणि मी एक सही खरवडून त्याच्यापुढे ठेवली होती. परतताना बाबांनी चहा पाजला. हीच शिक्षा.

तेव्हापासून मी काहीही चमकवत नाही. रॉकेल, मऊ कापड, मशिनचं तेल, बस. केळकर संग्रहालयात अडकित्त्यांसमोर उभं राहून मी पूर्वी नक्षी बघायची. आता पाती जिथे जोडली आहेत तो खिळा बघते आणि बोटं लागून झिजलेली जागा शोधते.

रिळांमध्ये एक मोठी जात घड्याळजींच्या हातची नाही, तीही घेऊ, नाहीतर विणकर रागावतील. इंग्लंडातलं नॉटिंगहॅम हे लेस विणणाऱ्यांचं गाव. तिथली अक्रोडाच्या लाकडाची, हलकी, वाऱ्यावर फिरतील अशी रिळं नॉटिंगहॅम रीळ म्हणूनच ओळखली जातात. आणि १९०५ मध्ये ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातल्या अल्फ्रेड इलिंगवर्थने एक उलटा विचार केला. तोवर फेकताना रीळ फिरायचं, आणि रीळ दोरीपेक्षा जास्त वेगात फिरलं की गुंता. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत निघतं तेव्हा बॉबिन फिरत नाही, सूत तिच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने सुटतं. मग रीळही स्थिर ठेवलं तर? आज दुकानात मिळणारी बहुतेक रिळं याच विचाराची नातवंडं आहेत.

हे वाचून मी खडकवासल्याला गेले, निमित्त कणसाचं. धरणाच्या पाण्याकडेला एक पोरगं चिलापी धरत होतं. काठी नाही, रीळ नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तंगूस गुंडाळलेलं, टोकाला गळ आणि शिसं. त्याने शिसं डोक्यावर गरगर फिरवून सोडलं आणि दुसऱ्या हातातली बाटली पाण्याच्या दिशेने रोखली. तंगूस बाटलीच्या टोकावरून सरसर सुटत गेलं. बाटली जागची हलली नाही. ब्रॅडफर्डच्या माणसाचं पेटंट! मी त्याला विचारलं, हे कुणी शिकवलं? त्याला प्रश्न कळला नाही. "असंच टाकत्यात," म्हणाला.

जुनं ते सोनं हा सूर मला लावायचा नाही. नवी रिळं हलकी आहेत, गंजत नाहीत, स्वस्त आहेत, आणि ज्याला मासा धरायचाय त्याने नवंच घ्यावं. शिवाय जुनी वाईट रिळंही होतीच. ती भंगारात गेली म्हणून आपल्याला दिसत नाहीत, उरली ती चांगली. बाबा आणखी एक टाचणी लावतात: "त्या काळी मजुरी काय होती ते विचार." असेल. तरीही वर्मच्या टोकाला पायरी न ठेवणाऱ्या त्या माणसाला ती मजुरी मिळाली आणि त्याने पायरी ठेवली नाही, एवढं माझ्याकडे पुराव्यासह आहे.

स्प्रिंग बसवून घेतल्यावर महिन्याभराने मी काकांकडे पुन्हा गेले, आबूची गोष्ट सांगायला. त्यांना नवल वाटलं नाही. हातातलं काम न थांबवता म्हणाले, "साहजिकच आहे. लोकांना वाटतं घड्याळ चावीने चालतं. चावी काय, ती तर एका दमात सुटायला बसलीय. सोडून दिली तर दिवसभराची चावी खर्रकन उतरेल. घड्याळ चालतं ते तिला अडवण्यावर." त्यांनी एक उघडं घड्याळ माझ्याकडे सरकवलं. दोन नखांचा चिमुकला काटा डावी-उजवीकडे डोलत होता, दर डोलण्याला चाकाचा एकच दाता सोडत होता. "एक दाता सोड, अडव. एक सोड, अडव. तुमच्या माशाला काय करता?"

मी माशाला काहीच करत नाही, पण त्यांचं म्हणणं डोक्यात बसलं. घरी येऊन मी लाल रिळाचा ब्रेक उघडला, जो तोवर दुर्लक्षित होता, कारण तिथे दाते नाहीत, दिसायला काही नाही. मुख्य गिअरच्या पोटात एकावर एक ठेवलेल्या चकत्या: एक धातूची, एक मऊ, पुन्हा धातूची. मुठीखाली चांदणीच्या आकाराचं चाक आहे. ते आवळलं की चकत्या एकमेकींवर दाबतात. मोठा मासा पळाला, दोरी तुटायच्या बेताला आली, की चकत्या घसरतात आणि मूठ जागेवर असतानाही रीळ उलटं फिरून दोरी सोडतं. दोरी जेवढं सोसेल त्याच्या जरा आधी घसरायचं, न अडखळता, धक्का न देता, नाहीतर पहिल्याच हिसक्याला खेळ खलास. दुसऱ्या बाजूला, फेकताना रीळ उधळू नये म्हणून दोन काड्यांवर दोन बारके ठोकळे. रीळ वेगात आलं की ते बाहेर फेकले जाऊन कड्याला घासतात, वेग उतरला की मुकाट आत. गुंडाळायला एक मूठ पुरते. बाकीचं सगळं यंत्र, निम्म्याहून जास्त, दोरी कशी सोडायची यासाठी आहे.

पतंगवाले याला ढील म्हणतात. बाबा संक्रांतीला गच्चीवर मांजा अंगठा आणि तर्जनीमधून सोडायचे, चामड्याची पट्टी बोटाला बांधून, आणि मी चक्री धरायचे. मला वाटायचं चक्री धरणारीचंच काम महत्त्वाचं.

मागच्या रविवारी भाचा आला होता, आठ वर्षांचा. रिळावर नवं तंगूस भरलं, ते एका लाटण्याला बांधलं, लाटणं दोन्ही हातांत देऊन त्याला म्हटलं, तू मासा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबा खुर्चीवर बसले, रीळ मांडीवरच्या फळीला क्लॅम्प करून. मासा जिन्यापाशी उभा.

"पळ!"

तो पळाला आणि हिसका बसून लाटणं हातातून निसटलं. चांदणी फार आवळलेली होती. दुसऱ्या खेपेला फार सैल. मासा गेटपर्यंत पोचला आणि वॉचमनने त्याला आत हाकललं. आई गॅलरीतून बघत होती. "लाटणं धुऊन ठेवा," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या खेपेला बाबांनी डोळे मिटले. चांदणी पाव फेरा फिरवली, तंगूस बोटाने ओढून पाहिलं, पुन्हा जराशी मागे आणली. मासा पळाला. या वेळी धक्का नाही, थांबणं नाही. दोरी सलग जात राहिली आणि पोराचा वेग हळूहळू उतरत गेला, स्कूटरच्या रांगेपाशी तो धापा टाकत चालायलाच लागला. बाबांनी मूठ फिरवायला घेतली. वर्मवरची खिट्टी डावीकडून निघाली, टोकाला वळली, परत आली. मासा लाटणं घट्ट धरून, हसत, खुर्चीकडे ओढत येत होता.

"आता मी आजोबा," तो म्हणाला, "आणि आजोबा मासा."

बाबांनी गुडघ्यांकडे पाहिलं आणि मला हाक मारली.